बद्द वाजलेली पाटी

सोमवार, ४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. बाकी जग तुला गुरुजी म्हणो, माझ्या तोंडून ते निघणार नाही हे तुला ठाऊकच आहे. तुझं पाकीट शनिवारी पोचलं. एकतीस तारखेच्या सोहळ्याची गावोगाव आमंत्रणं करत फिरतो आहेस, तर पोटाला जप, लोकांच्या आग्रहाला बळी पडू नकोस. भावजय काल येऊन गेली. लेकीचा खोकला थांबला आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

प्रार्थनाघराचं काम जोरात आहे. भिंतींना रंगाचा दुसरा हात देऊन झाला. दारावर दगडी पाटीसाठी गवंड्याने मापात खाच करून ठेवली आहे आणि रोज सकाळी माझ्या कारखान्यावरून जाताना तो ओरडतो, "ताई, पाटी कधी? त्या भोकाकडे बघून बघून मान दुखायला लागली." मी म्हणते, "एकतीस तारखेच्या आत." सध्या एवढंच सांगता येतं.

चिठ्ठीवर तू पाटीसाठी आपल्या ग्रंथातल्या शेवटच्या संदेष्ट्याची एक ओळ लिहून पाठवलीस. सूर्य उगवतो तिथपासून मावळतो तिथपर्यंत साऱ्या लोकांमध्ये माझं नाव थोर आहे, जागोजागी माझ्या नावाने धूप जळतो, शुद्ध अर्पण वाहिलं जातं. ओळ देखणी आहे. हिब्रूत तीन रांगांत नीट बसते, मी कागदावर आखून पाहिली.

पण तुला बाबांचा नियम आठवतो ना? ओळ कोरायची तर ती ज्या पानावरची आहे ते पान आधी सगळं वाचायचं. तरुणपणी त्यांनी एका व्यापाऱ्याच्या दारावर एक झकास ओळ कोरून दिली होती, आणि दोन वर्षांनी कळलं की पुस्तकात ती ओळ एका मूर्खाच्या तोंडी आहे. व्यापारी तोवर ती पाहुण्यांना हौसेने दाखवत होता. त्या दिवसापासून नियम झाला. बाबांनी तुला अर्थ शिकवला आणि मला अक्षरं, पण चाळीस वर्षं अक्षरं कोरल्यावर अर्थही हाताला लागतो. तर मी पान वाचलं.

धाकट्या, ते पान म्हणजे खरडपट्टी आहे. देव पुरोहितांवर भडकला आहे. माझ्यापुढे आंधळं जनावर आणता, लंगडं आणता, आजारी आणता. हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या की, घेतो का बघू. त्यापेक्षा कुणी तरी दारंच बंद करून टाका, म्हणजे तुम्हाला फुकटचा विस्तव पेटवायला नको. हे एवढं झाल्यावर तुझी ओळ येते. आणि ती संपते न संपते तोच पुन्हा सुरू. तुम्ही म्हणता, काय ही कटकट, आणि नाकं मुरडता. कळपात धडधाकट नर आहे, तोच देईन असा नवस बोलला आहात, आणि देता मात्र अधू जनावर.

म्हणजे ही ओळ आपल्या कौतुकाची नाही. सगळीकडे माझं नाव चाललं आहे, तुमच्यावाचून माझं काही अडलेलं नाही, असं त्यात तोंडावर सुनावलं आहे. हे दारावर लावायचं, तेही बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर, तर आपण नक्की काय लावतो आहोत हे तुला माहीत आहे ना? मी भांडत नाही, विचारते आहे.

धुपाचं वाचताना मला आपला दिवेवाला आठवला. तुलाही आठवला असेल. परक्या मुलखातून आलेला माणूस, आपल्यातला नव्हे. एकतीस वर्षं प्रार्थनाघरात आपले दिवे लावले, फरशा पुसल्या, तुझ्या लेकीला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं. रोज पहाटे जिन्याखालच्या खोलीत एका पत्र्याच्या झाकणात निखारा घेऊन त्यावर चिमूटभर राळ टाकायचा आणि त्याच्या भाषेत काही पुटपुटायचा, आणि मगच आपला पहिला दिवा लागायचा. तुला त्या वासाने शिंका यायच्या म्हणून तू त्याला बाहेर जायला सांगितलंस. तो कुंपणभिंतीच्या पलीकडे जाऊन उभा राहायला लागला. थंडीतसुद्धा.

मी परवा दफनभूमीकडे गेले होते. तिथलं नंतर लिहीन. आधी तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

तुझी
ताई

सोमवार, ११ मार्च

धाकट्या,

उत्तर लगेच दिलंस, बरं केलंस. वाचून माझा चहा निवला.

"ताई, तू अक्षरं बघ, अर्थ माझ्यावर सोड." हे तू मला लिहितोस? तुझं पहिलं अक्षर कुणी गिरवून घेतलं होतं? उजवीकडून सुरुवात करायची हे तुझ्या डोक्यात शिरत नव्हतं, तेव्हा तुझा हात धरून कोण बसलं होतं? अर्थ शिकलास म्हणून अर्थ तुझ्या मालकीचा झाला नाही.

तू म्हणतोस, ही पुढच्या काळातली गोष्ट आहे. एक दिवस सगळे लोक आपल्या दाराशी येतील, आपल्याच रीतीने देवाला ओळखतील, म्हणून वचन दारावरच शोभतं. तुझ्यापेक्षा मोठ्या पंडितांनीही असंच म्हटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्यापुढे आत्ता, या क्षणी लंगडं जनावर उभं केलं आहे, तो रागावलेला देव उद्याच्या पाहुण्यांची यादी कशाला वाचून दाखवेल? शेजारच्या घरी मला पोटभर मिळतं, तुझं शिळं उचल, असं तो म्हणतोय. घरात भांडण झालं की माणूस असंच बोलतो. मला तर त्यात भांडणाचाच आवाज ऐकू येतो, आणि तुझ्या प्रवचनात तो कधीच ऐकू आला नाही.

आणि दाराशी येतील म्हणे. एक आला होता. एकतीस वर्षं दाराशीच होता. तू त्याला प्रार्थनेच्या वेळी पायरीवर बसवलंस. दिवे लावायला आत, दिवे लागले की बाहेर.

आता दफनभूमीचं सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले आहे ते कळेल.

त्याच्या कबरीवरची पाटी फुटली. यंदाच्या थंडीने फुटली. दोन तुकडे झालेत, वरचा पुढे गवतात पडला आहे, तोंड खाली करून. चीर बरोबर दोन रांगांच्या मधून गेली आहे. मी तो तुकडा उलटवायला गेले, पण एकटीला हलला नाही.

तुला गेल्या ऑक्टोबरातली दुपार आठवत असेल. त्याला खांदा देणाऱ्यांत तू होतास, मी बघितलं आहे. तू रडलासही. दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा देता आली नाही, कारण तो आपल्यातला नव्हता, आणि नियम तू केलेला नाहीस, हेही मान्य. पण मातीवर उभं राहून सगळ्या मंडळींसमोर तूच बोललास, "याच्या डोक्याशी आपण खाणीतला उत्तम दगड लावू." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो नवस होता, धाकट्या. तू नवस बोललास.

मग खाणीतून दोन पाट्या आल्या. मी दोन्हींवर हातोडीने ठोकून पाहिलं, बाबा ठोकायचे तसं. एक खणखणीत वाजली. दुसरी बद्द. बाहेरून दोघी जवळजवळ सारख्याच, पण दुसरीच्या कडेवर केसाएवढी फट होती, आणि तीच चीर पोटात गेली होती. मी तुला बोलावून दोन्हींचा आवाज ऐकवला. तेव्हा तू काय म्हणालास ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण ते माझ्या कानातून जात नाही. "चांगली राहू दे. वसंतात दारावर लागेल. त्याला ही दे, फटीत लुकण भर. भिंतीबाहेर तिकडे कोण बघायला येतंय?"

कळपात धडधाकट नर आहे आणि द्यायचं अधू. आता तरी पान उघड. चिठ्ठीवर ओळ उतरवताना तुझी नजर चार ओळी खाली गेली नाही, की गेली आणि तू परत वर आणलीस?

त्याच चांगल्या पाटीवर आता मी तुझी ओळ कोरायची. त्याच पाटीवर! आणि पाहुण्यांनी खालून बघून म्हणायचं, वा, काय दगड आहे.

गवंडी आजही विचारून गेला. मी त्याला म्हटलं, "डोकं खाऊ नकोस." बिचाऱ्याचा काही दोष नाही.

मला उत्तर नको. तू परत ये आणि माझ्यासमोर उभा राहून बोल. तोवर मी छिन्नी हातात घेणार नाही.

ताई

शुक्रवार, २२ मार्च

प्रिय धाकट्या,

तू आला नाहीस. तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली की अजून तीन गावं बाकी आहेत आणि पाटीचा विषय समोरासमोर बोलू, तोवर काम थांबवू नकोस. बरं. काम थांबवलं नाही. पाटी झाली.

पण त्याआधी मला एक सांगायचं आहे. दोन पत्रं लिहिली, दोन्हींत तुला धारेवर धरलं, आणि दोन्ही पाकिटं चिकटवताना वाटलं की यात काही तरी राहिलं आहे. काय राहिलं ते मला माहीत होतं.

तू लुकण भर म्हणालास. भरलं कुणी? मी. तू काही माझा हात धरला नव्हतास. मला नाही म्हणता आलं असतं, पाटी परत खाणीत पाठवता आली असती, मंडळींसमोर जाऊन दोन्ही पाट्या ठोकून दाखवता आल्या असत्या. त्यातलं मी काहीही केलं नाही. मूग गिळून बसले. दारावरचं वचन कोरायचं काम मला हवं होतं. बाबांना ते दार कधी मिळालं नाही, मला मिळणार होतं, आणि ते खणखणीत दगडावर हवं होतं. तुझा शब्द कानात होता, पण लोभ माझा स्वतःचा होता.

आणि पुढचं आहे ते याहून वाईट.

चीर भरायला राळ लागते. ती वितळवून त्यात दगडाची भुकटी कालवायची. माझ्याकडची राळ संपली होती. तो गेल्यावर त्याच्या खोलीतलं सामान तू माझ्याकडे पाठवलंस, आठवतं? एक घोंगडी, दोन सदरे, ते पत्र्याचं झाकण आणि राळेचा डबा. डबा अर्धा भरलेला होता. मी त्यातली राळ घेतली, धाकट्या. त्याच्या देवासाठी ठेवलेली राळ वितळवली आणि त्याच्याच पाटीची फट बुजवली, कुणाला दिसू नये म्हणून. कारखानाभर तो वास पसरला. मी दार उघडून वारा घेतला आणि काम पुढे चालू केलं. पाटीवर नाव तरी कुठे कोरलं? "दिवेवाला" एवढंच, आपल्या अक्षरांत. खालच्या रांगेत वर्ष.

आता मला कळतं की मी तुझ्यावर एवढी का ओरडत होते. तुझ्यावर ओरडत होते तोवर तो वास येत नव्हता.

अजून एक आहे. तो दुपारी माझ्याकडे यायचा, हे तुला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. फरशा पुसून झाल्या की यायचा. बोलायचा कमी. माझ्या छिन्न्या उचलून एकेक निरखायचा, बोथट झालेल्या बाजूला काढायचा आणि दगडावर घासून धार लावून द्यायचा. मी अक्षर कोरताना तो बघत असायचा आणि चुकत असेन तर हलकेच खाकरायचा. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्याला, तरी रांग तिरकी झाली की माझ्याआधी त्याला दिसायचं. वीस-बावीस वर्षं. एवढी वर्षं तो कुठे बसायचा, सांगू? उंबऱ्यावर. एक खोकं उपडं घालून. आत स्टूल रिकामं होतं. मी एकदाही म्हटलं नाही, आत ये, बस. तुझी पायरी काढली मी मागच्या पत्रात, केवढ्या तोऱ्यात काढली. माझा उंबरा मात्र लपवला.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "तुझं खरं नाव लिहितात कसं?" तो हसला. मग आखणीच्या कागदामागे पेन्सिलीने लिहून दाखवलं. गोलगोल अक्षरं, एकमेकांच्या हातात हात घातल्यासारखी. तो कागद मी भिंतीला डकवला होता. बारा वर्षांत पिवळा पडला आहे, पण अजून वाचता येतो. म्हणजे आपल्याला येत नाही, बघता येतो.

तो कागद मी काढला. चांगली पाटी आडवी केली, पुन्हा एकदा ठोकली. खणखणीत. वरच्या भागात त्याचं नाव कोरलं, त्याच्या अक्षरांत, जसंच्या तसं. एवढे गोल मी आयुष्यात कोरले नव्हते, दोन दिवस लागले. त्याच्याखाली तीन रांगांत तुझी ओळ, हिब्रूत. सूर्य उगवतो तिथपासून. धूप कुठे जळतो ते लिहिलेलंच आहे, जागोजागी. भिंतीच्या पलीकडची ती जागा त्यात येते की नाही ते आता तू सांग, अर्थ तुझ्याकडे आहे.

काल दुपारी गवंड्याला हाक मारली. म्हटलं, "पाटी तयार आहे, गाडी आण." तो खूश. वाटेत मी गाडी दफनभूमीकडे वळवायला सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "ताई, दार तिकडं आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." फुटलेली पाटी आम्ही उपसून काढली, नवी दीड हात खोल गाडली, खाली खडी ठोकून भरली. ती हलणार नाही. तुकडे मी परत आणून माझ्या उंबऱ्याशी ठेवले आहेत, खोकं असायचं तिथे. राळेचा डबा मी सोबत नेला होता, तळाला चार खडे राहिले होते. ते त्याच्या झाकणात, तिथेच त्याच्या पाटीपुढे जाळले. मला त्याचे शब्द येत नाहीत. गवंड्याने टोपी काढली. जाताना तो एवढंच म्हणाला, "आता माझ्या भोकाचं काय?"

ते मी तुझ्यावर सोडते. खाच रिकामी आहे आणि माझ्याकडे दगड नाही. ती पाटी मी कुणाची घेतली नाही, ती त्याचीच होती, तू सगळ्यांसमोर दिली होतीस. तुला मला मंडळींपुढे उभं करायचं असेल तर कर. मी येईन, आणि जे इथे लिहिलं आहे ते तिथे बोलेन, आधी माझं आणि मग तुझं. पुन्हा कधी प्रार्थनाघराचं काम मिळणार नाही हे मी धरून चालले आहे. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? त्या दारासाठी मी फार वर्षं थांबले होते.

राग गेलेला नाही. तुझ्यावरचाही नाही. एवढ्या म्हातारपणी राग बाळगायला ताकद लागते, पण हा मी बाळगणार आहे, कारण तो गेला की मी परत लुकण भरायला बसेन, मला माझी खात्री नाही.

एकतीस तारखेला पाहुण्यांनी खाचेकडे बघून विचारलं की वचन कुठे आहे, तर सारवासारव करू नकोस. त्यांना घेऊन बाहेर पड, दफनभूमीकडे. फाटकातून निघायचं, भिंतीला वळसा घालायचा, गवतातून थोडं चालावं लागेल, त्यांचे बूट खराब होतील. तिथे ते वाच त्यांच्यासमोर, मोठ्याने, तुझा आवाज चांगला आहे. आणि त्याआधी तू एकटा जाऊन ये. पाटीमागे माझी लहान हातोडी ठेवली आहे. ठोकून बघ कशी वाजते.

त्याला कधीही "आत ये" न म्हणालेली,

तुझी ताई